यादीत वस्तू आहेत, वजनं नाहीत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या पुरवणीत पाठीवर बिऱ्हाड घेऊन अनेक दिवस चालायला निघणाऱ्यांसाठी सामानाची यादी आली होती. एकूण ५२ वस्तू. माझ्या भाचीने ती कापून कपाटाच्या दाराला चिकटवली, यादीबरहुकूम एकेक वस्तू जमवली आणि सॅक भरली. सहा दिवसांची वाट, मुक्काम तंबूत, तिची ही पहिलीच मोठी भटकंती. परवा ती सॅक घेऊन माझ्याकडे आली. मी ती ताणकाट्याला अडकवली. काटा १६ किलो ३०० ग्रॅमवर थांबला. यात अन्न नव्हतं, इंधन नव्हतं, पाणी नव्हतं. ते धरलं तर २२ किलो ६०० ग्रॅम होतात. भाचीचं वजन ५१ किलो आहे.

"मावशी, यादीतलं सगळं घेतलंय, जास्तीचं काहीच नाही," ती म्हणाली. तिचं खरं होतं. तिनं यादीवर विश्वास ठेवला. म्हणून हे पत्र तिच्यासाठी नाही, आपल्यासाठी आहे.

मी ३१ वर्षं हिशेब लिहिले. जमेच्या आणि खर्चाच्या बाजूला रक्कमच लिहिली नाही, नुसती खात्यांची नावं लिहिली, तर त्याला हिशेब म्हणत नाहीत. सामानाच्या यादीचंही तसंच आहे. 'स्लीपिंग बॅग' असं लिहिलं की ती ९०० ग्रॅमची असू शकते आणि दोन किलोचीही. 'तंबू' एक किलोचा असतो आणि साडेतीन किलोचाही. शब्द तोच, पण वाहणाऱ्याच्या पाठीवर पडणारा फरक काही किलोंचा. ५२ ओळींच्या यादीत एकाही ओळीपुढे ग्रॅम नाहीत, हा माझ्या दृष्टीनं छपाईतला दोष नाही, धोका आहे. का, ते स्वतःच्या अनुभवावरून सांगते.

२७ वर्षांपूर्वी मी एका मैत्रिणीबरोबर अशाच सहा दिवसांच्या वाटेवर निघाले. माझं वजन तेव्हा ५६ किलो होतं आणि पाठीवर, नंतर हिशेब केला तेव्हा कळलं, २२ किलो ४०० ग्रॅम होते. माझ्या वजनाच्या बरोबर ४० टक्के. पहिले दोन दिवस चढ होता आणि चढावर फक्त दम लागतो, दम काय, थांबलं की परत येतो. तिसऱ्या दिवशी दुपारी उतार लागला. दगडी, पायऱ्यांसारखी वाट, पण प्रत्येक पायरीची उंची वेगळी. खालच्या दगडावर पाय टाकला की सॅक अर्धा क्षण वरच राहायची आणि मग धपकन अंगावर यायची, आणि तो दणका दर वेळी डाव्या गुडघ्यात उतरायचा. तासाभरानं मी उतरताना आधी उजवा पाय खाली टाकून डावा त्याच्या शेजारी आणू लागले. आणखी तासाभरानं गुडघा वाकेनासा झाला. मैत्रिणीनं एक शब्द न बोलता माझी सॅक उघडली, तंबू आणि स्लीपिंग बॅग काढून आपल्या सॅकवर बांधली आणि ते ४ किलो ८०० ग्रॅम उरलेले तीन दिवस वाहिले. माझा गुडघा चार महिन्यांत बरा झाला. पण माझ्या तयारीतल्या चुकीचं ओझं दुसऱ्या माणसानं वाहिलं, हे मी आजही विसरलेले नाही. जड सॅकमुळे फक्त वाहणाऱ्याचे हाल होतात असं नाही. चाल मंदावते, मुक्कामी पोचायला अंधार होतो, तोल जातो आणि बरोबरच्या सगळ्यांचा दिवस त्या एका सॅकच्या वेगाने चालतो.

घरी आल्यावर मी जुनी चादर अंथरली, सॅक रिकामी केली आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवून वहीत लिहिली. तीन रकाने: वस्तू, ग्रॅम, वापरली की नाही. अन्न, इंधन आणि पाणी सोडून उरतं त्याला भटकणारे 'बेस वेट' म्हणतात, कारण ते पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तेवढंच राहतं. माझं बेस वेट १५ किलो २०० ग्रॅम निघालं. रिकामी सॅक २.४ किलो, तंबू २.९, स्लीपिंग बॅग १.९, अंगाखाली अंथरायची मॅट ०.४, कपडे ४.१, स्वयंपाकाचं सामान १.२. आणि उरलेले २ किलो ३०० ग्रॅम 'किरकोळ'.

हे 'किरकोळ' नावाचं खातं मला कामातूनच ओळखीचं होतं. पैसा कुठे गेला ते सापडत नसेल तर आधी ते उघडावं. माझ्या त्या खात्यात होतं: आंघोळीच्या साबणापासून तेलापर्यंत सगळ्याच्या पूर्ण भरलेल्या बाटल्या, पंधरा पाती असलेला २१० ग्रॅमचा चाकू, दोन टॉर्च, दोन्हींचे जादा सेल, कशासाठी घेतली ते आठवत नव्हतं अशी दोरी, स्टीलचा मग, जाड पुस्तक. एकही वस्तू पाव किलोच्या फार वर नव्हती. म्हणूनच एकही डोळ्यांत खुपली नव्हती.

पहिली कपात करताना मी काहीही विकत घेतलं नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण हलकं चालायचं म्हणजे महागडं सामान घ्यायचं असा समज पक्का बसला आहे. मी फक्त तिसरा रकाना वाचला. चालायचा एक जोड अंगावर, झोपायचा एक कोरडा जोड सॅकमध्ये, एक उबदार थर, पावसाचं जॅकेट, टोपी, हातमोजे, मोज्यांचे दोन जादा जोड. बाकीचे कपडे घरी. सुती कपडे तर सगळेच घरी, कारण सूत पाणी धरून ठेवतं, लवकर वाळत नाही आणि ओलं असताना अंगातली ऊब ओढून घेतं. लोकर किंवा कृत्रिम धाग्याचं कापड वाळतं आणि एकाच सदऱ्यात चार दिवस निघतात. कपडे ४.१ वरून १.६ किलोवर आले. स्वयंपाकाला एक बर्नर, एक भांडं, एक चमचा, आणि काय कुणाच्या सॅकमध्ये ते आधी ठरवून; कारण त्या पहिल्या वाटेवर आम्हा दोघींकडेही भांड्यांचा पूर्ण संच होता. किरकोळ खातं १.१ किलोवर आलं, आणि त्यात औषधं, हेडटॉर्च, नकाशा, पाण्याचं फिल्टर, शिट्टी आणि फोनची पॉवर बँक हे सगळं होतं. एकूण ४ किलो ४५० ग्रॅम कमी, एक पैसा खर्च न करता.

खर्च करायचाच असेल तर तो चार मोठ्या वस्तूंवर करावा: तंबू, स्लीपिंग बॅग, मॅट आणि सॅक. माझ्या १५.२ किलोंमध्ये निम्मे, म्हणजे ७.६ किलो, या चौघांचे होते. लोक कंगव्याचा दांडा कापून चार ग्रॅम वाचवतात आणि अडीच किलोच्या रिकाम्या सॅककडे बघतही नाहीत. आणि या चारांतही सॅक शेवटी घ्यावी. आपल्याकडे सगळे उलट करतात. उत्साहानं आधी ७० लिटरची सॅक आणतात आणि मग ती भरते. जागा रिकामी दिसली की हात आपोआप काहीतरी कोंबतो. आधी बाकीचं सामान ठरवावं, ते एका खोक्यात रचून किती जागा घेतं ते बघावं, मग सॅकचं माप ठरतं. माझी आत्ताची सॅक ५० लिटरची, १ किलो १०० ग्रॅमची आहे. मात्र एक धोक्याची सूचना: हलकी सॅक हलक्या ओझ्यासाठीच शिवलेली असते. तिच्यात १८ किलो भरले तर पट्टे खांद्यात रुततात आणि भार कमरेपर्यंत पोचतच नाही. त्यापेक्षा जुनी जड सॅक बरी. म्हणजे सॅक हलकी करायची तर आधी ओझं हलकं झालेलं हवं. क्रम चुकला तर पैसाही गेला आणि खांदेही.

सॅक अंगाला बसते की नाही हे माणसाच्या उंचीवर ठरत नाही, पाठीच्या लांबीवर ठरतं. मान पुढे झुकवली की मागे जे हाड ठळक वर येतं तिथून, कमरेच्या हाडांच्या वरच्या कडांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत टेपनं मोजायचं. कमरेचा पट्टा पोटावर नाही, या हाडांच्या कडेवर बसायला हवा. आधी तो आवळायचा, मग खांद्याचे पट्टे, मग खांद्यावरून सॅककडे जाणारे छोटे पट्टे, शेवटी छातीचा. मी ज्यांना ज्यांना बरोबर नेलं त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी कमरेचा पट्टा नुसता लटकत ठेवलेला असतो आणि सगळा भार खांद्यांवर. पट्टे नीट आवळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते बघण्यासारखं असतं. सॅक तीच, तिच्यातून कुणीतरी दोन वस्तू काढल्यासारखी त्यांना वाटते.

भरताना स्लीपिंग बॅग तळाशी, अन्नासारख्या जड वस्तू मध्ये आणि पाठीला लागून, पावसाचं जॅकेट वर. जड पिशवी बाहेरच्या बाजूला गेली की ती मागे ओढते आणि माणूस पुढे वाकून चालतो. आणि बाहेरच्या कव्हरवर विसंबू नये. पाठीकडची बाजू त्यानं झाकली जात नाही आणि पाणी तिथूनच शिरतं. आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून तिच्यात झोपायचं सामान ठेवावं.

बुटांबद्दल तुमच्या यादीत 'मजबूत, घोट्याच्या वरपर्यंतचे' एवढंच आहे. पायातलं वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा कितीतरी महाग पडतं. चालण्याच्या श्रमांची मोजमापं झाली आहेत त्यांत ते चार ते सहा पटींच्या घरात येतं. मी माझा साधा गुणाकार करते. एका किलोमीटरला प्रत्येक पाय साधारण ७०० वेळा उचलला जातो. माझ्या जुन्या बुटांपेक्षा आताचा प्रत्येक बूट ४०० ग्रॅमनी हलका आहे. म्हणजे दर किलोमीटरला एकेका पायाचं २८० किलो उचलणं वाचलं. बर्फात किंवा अवजड भार वाहताना भक्कम बूट लागतातच, पण साध्या पायवाटेवर बारा किलो घेऊन चालणाऱ्याला ते सक्तीनं घालायला सांगू नये.

अन्नाचा हिशेब दिवसांवर नाही, ग्रॅमला किती उष्मांक यावर करावा. स्निग्ध पदार्थ ग्रॅमला ९ उष्मांक देतात, पिष्ट आणि प्रथिनं प्रत्येकी ४. ताजी फळं आणि डबाबंद पदार्थ म्हणजे मुख्यतः पाणी वाहणं. कोरडं आणि तेलकट-सुक्या मेव्याकडे झुकणारं अन्न घेतलं तर दिवसाला ६५० ग्रॅममध्ये मला २९०० उष्मांक मिळतात. पहिल्या वाटेवर मी दिवसाला ८०० ग्रॅम वाहिले होते आणि त्यातलं बरंच परत आणलं. आणि पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो, इथे कुठलीही युक्ती चालत नाही. पाणवठ्यावर पोटभर पिऊन मग पुढच्या पाणवठ्यापुरतं भरायचं, त्यासाठी पुढचं पाणी किती तासांवर आहे ते नकाशावर आधीच बघून ठेवायचं. मात्र पाणवठ्याची खात्री नसेल तर वजनाचा विचारही करू नये, भरून घ्यावं. फिल्टर असेल तर थंडीच्या रात्री ते झोपताना आत घ्यावं; आतल्या पोकळ तंतूंमध्ये पाणी गोठलं की ते तडकतात आणि वरून काहीही दिसत नाही. शंका आली तर पाणी उकळावं, खळखळ एक मिनिट, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं.

आता माझ्या दुसऱ्या चुकीबद्दल, कारण तीही तेवढीच गंभीर होती. वहीतले आकडे खाली येऊ लागले तसा मला त्यांचा मोह पडला. आठ वर्षांपूर्वी उंचावरच्या एका मुक्कामाला मी फोमची मॅट घरी ठेवली आणि तंबूखाली घालायचं कापडच दुमडून अंथरलं. ४०० ग्रॅम वाचले. स्लीपिंग बॅगवर 'उणे ५' असं लिहिलं होतं आणि रात्री पारा शून्यावर जाणार होता, म्हणून मी निर्धास्त होते. रात्री अकराला जाग आली ती पाठ जमिनीला चिकटल्यासारखी गार पडली म्हणून. एका कुशीवर झाले की ते खांदा-कंबर गोठायचं. मग मी रिकामी सॅक पाठीखाली घातली, दोरीचं वेटोळं नितंबाखाली, सगळे कपडे अंगावर, आणि पहाटेपर्यंत पायाची बोटं हलवत बसून राहिले. दात वाजत होते आणि बोटांना बर्नरची चावी फिरवता येत नव्हती, तेव्हा मी खरोखर घाबरले.

दोन गोष्टी मला माहीत असायला हव्या होत्या. एक, स्लीपिंग बॅगचा अंगाखालचा भाग शरीराच्या भाराने दबतो, त्यातली हवा जाते आणि तो ऊब धरत नाही. खालून वाचवते ती मॅटच. मॅटची जमिनीची गारवा अडवायची क्षमता आर-व्हॅल्यू नावाच्या आकड्यात मोजतात, आणि दोन मॅट एकावर एक घातल्या तर आकड्यांची बेरीज होते. दुसरी, लेबलवरचा तो 'उणे ५' माझ्यासाठी नव्हताच. स्लीपिंग बॅगांसाठीच्या आयएसओ २३५३७ या आंतरराष्ट्रीय मानकात थंडीच्या तापमानाचे तीन आकडे असतात. 'कम्फर्ट' हा सर्वसाधारण स्त्री सैलावून झोपू शकेल तो. 'लिमिट' हा सर्वसाधारण पुरुष अंग आखडून झोप काढू शकेल तो. 'एक्स्ट्रीम' हा फक्त जीव वाचण्याचा आकडा आहे, झोपेचा नव्हे. शिवाय हे सगळे आकडे अंगाखाली मॅट आहे असं धरूनच काढलेले असतात. माझ्या बॅगेवर मोठ्या अक्षरात छापला होता तो लिमिट. कम्फर्ट आतल्या शिलाईजवळच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात होता: अधिक १. बायकांनी हा बारीक आकडाच वाचावा. आपल्या पुरवणीनं एवढं एक वाक्य छापलं असतं तरी यादीचं सार्थक झालं असतं.

म्हणून माझ्या वहीत आता चौथा रकाना आहे: 'कापायचं नाही'. उबदार थर, पावसाचं जॅकेट, मॅट, दिवा, औषधं, नकाशा, शिट्टी, पाणी साठवायची पूर्ण क्षमता. दुसरा रकाना कितीही खुणावू दे, या ओळींना हात लावायचा नाही. औषधांची पिशवी आजवर तीनदाच उघडली. 'वापरली नाही' म्हणून ती काढून टाकता येत नाही. तिसरा रकाना तिला लागू नाही.

हलकं चालणाऱ्यांमध्ये एमा गेटवूड यांचं नाव नेहमी निघतं. १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, त्या अमेरिकेतली अ‍ॅपलाशियन वाट, सुमारे ३३०० किलोमीटर, एकट्या चालून गेल्या. घरी शिवलेली पिशवी एका खांद्यावर, पायात कापडी बूट, तंबू नाही, पावसासाठी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. मी ६१ वर्षांची आहे, मला त्यांच्याबद्दल अतोनात आदर आहे. पण ही गोष्ट सांगणारे पुष्कळदा एक भाग गाळतात: वाटेतल्या अनेक घरांनी त्यांना जेवू घातलं, रात्री आसरा दिला. ज्या वाटेवर घरं नाहीत तिथे ती पिशवी घेऊन निघू नये.

माझं बेस वेट आता ६ किलो ५०० ग्रॅम आहे. सहा दिवसांचं अन्न आणि इंधन ४.३, पाणी २. निघताना १२ किलो ८०० ग्रॅम. माझ्या वजनाच्या २३ टक्के. शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास राहावं हा ठोकताळा सांगतात, त्याच्या थोडं वरच, पण रोज खाऊन ते उतरतं आणि तिसऱ्या दिवशीच्या उतारावर आता मी दोन्ही पायांनी आळीपाळीनं उतरते. याहून खाली जायची मला घाई नाही. ४.५ किलोच्या आतलं बेस वेट मिरवणारे आहेत, त्यांचं कसब मोठं आहे, पण ते कसब अनेक वर्षांच्या मुक्कामांतून येतं. नवख्याला ते ध्येय म्हणून देऊ नये.

आपल्याला विनंती इतकीच: ती यादी पुन्हा छापा, दुरुस्त करून. प्रत्येक वस्तूपुढे ग्रॅम लिहा. दोन टोकं लिहिली, हलकं किती आणि जड किती, तरी चालेल. यादीच्या डोक्यावर ती किती दिवसांसाठी, किती कमीत कमी तापमानासाठी, पाऊस धरून की सोडून, हे लिहा. ५२ वस्तूंपैकी कोणत्या वस्तू सगळ्या गटाला मिळून एकच लागतात, ते वेगळं दाखवा. आपल्या यादीप्रमाणे तीन जणींच्या गटात तीन बर्नर, तीन चाकू आणि तीन तंबू होतात. आणि कोणत्या वस्तू कधीही गाळायच्या नाहीत त्या ठळक अक्षरात. माझ्या वहीची पानं हवी असतील तर पाठवते, २७ वर्षांची आहेत.

भाचीची सॅक आम्ही दोघींनी चादरीवर रिकामी केली. तिनं स्वतः काटा वाचला, स्वतः लिहिलं. तंबू मैत्रिणीबरोबर वाटून घेतला, स्लीपिंग बॅग माझी दिली, चार सुती सदरे आणि तीन बाटल्या कपाटात परत गेल्या. रात्री साडेदहाला बेस वेट ९ किलो ७०० ग्रॅमवर आलं. अजून ते जास्त आहे. जाड जीनवर वाद चालू आहे, ती ७८० ग्रॅमची आहे आणि भाचीला मुक्कामी घालायला हवी आहे. रविवारी ती अन्नपाण्यासकट भरलेली सॅक घेऊन माझ्याबरोबर चार तास चढ-उतार चालणार आहे. जीन सॅकमध्ये ठेवायची की नाही ते तिनं उतरून आल्यावर ठरवायचं, असं आमचं ठरलं आहे. ती निघायला अजून तीन आठवडे आहेत. पुढची पुरवणी त्याआधी येते.

आपली,
एक जुनी वाचक